तोलाची विद्या

पाय मुरगळणे ही गोष्ट आपल्याकडे कोणी फारशी मनावर घेत नाही. अंगणातील दगड चुकतो, जिन्याची शेवटची पायरी अंधारात हुकते आणि घोटा सुजतो. आंबेहळदीचा लेप बसतो, चार दिवस फडके बांधले जाते आणि पाचव्या दिवशी माणूस कामाला लागतो. मात्र घरातील वडीलधाऱ्यांचा एक जुना अनुभव असा, की एकदा मुरगळलेला पाय पुन्हा पुन्हा मुरगळतो. सूज ओसरते, ठणका थांबतो, वैद्य आणि डॉक्टर दोघेही पाय बरा झाल्याचे सांगतात. तरी सपाट रस्त्यावर चालताना तोच पाय एखाद्या दिवशी अकस्मात दगा देतो. 'त्या पायाचा आता भरवसा नाही,' असे आपण म्हणतो.

दुखणे गेल्यावरही भरवसा का परतत नाही, हा प्रश्न दिसतो तितका साधा नाही. त्याचे उत्तर शोधण्यात युरोपातील वैद्यकाची जवळजवळ दीड शतके गेली. त्या शोधातून एक नवी विद्या उभी राहिली. खेळाडूंना दुखापतीपासून आणि वृद्धांना पडण्यापासून वाचविणारी ही विद्या आहे. तिला तोलाची विद्या म्हणू. आपल्या तालमींशीही तिचे काही नाते आहे. मात्र ते नाते नेमके किती हे अभिमान बाजूला ठेवून तपासावे लागेल.

कथेचा आरंभ एका स्कॉटिश शरीरशास्त्रज्ञापासून होतो. स्नायूंना आज्ञा देणारे मज्जातंतू आणि शरीराकडून वार्ता आणणारे मज्जातंतू वेगवेगळे असतात, ही गोष्ट एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या चरणात सर चार्ल्स बेल आणि फ्रान्सचे फ्रांस्वा माजांदी यांच्या कामातून स्थिर झाली. बेल यांनी १८२६ साली रॉयल सोसायटीपुढे याच्या पुढचा विचार मांडला. त्यांचे म्हणणे असे, की मेंदू स्नायूला केवळ हुकूम देत नाही. त्या हुकुमाचे काय झाले, स्नायू किती आवळला, अवयव कोठवर पोचला, याची वार्ताही स्नायूकडून मेंदूकडे परत जाते. जाणारा आणि येणारा असे दोन मार्ग मिळून एक वर्तुळ पूर्ण होते. डोळे, कान, नाक, जीभ आणि त्वचा या पाच ज्ञानेंद्रियांच्या यादीत नसलेली ही एक नवी संवेदना होती.

बेल यांनी नोंदविलेले एका मातेचे उदाहरण या संवेदनेचे मोल एका क्षणात पटवून देते. त्या स्त्रीच्या एका बाजूची शक्ती गेली होती आणि दुसऱ्या बाजूची संवेदना गेली होती. शक्ती शाबूत असलेल्या हाताने ती तान्ह्या मुलाला छातीशी धरू शकत असे. पण मुलाकडे पाहत असे तोवरच. नजर दुसरीकडे वळली, की तिच्या नकळत तो हात सैल पडू लागे. हातात बळ होते, इच्छाही होती. परंतु हात काय करीत आहे हे मेंदूला कळविणारी वार्ता बंद पडली होती. ती उणीव डोळे भरून काढीत होते.

डोळ्यांच्या याच उसनवारीवरून बर्लिनच्या मोरित्झ रोम्बर्ग यांना एका रोगाची खूण सापडली. १८४० ते १८४६ या काळात प्रसिद्ध झालेल्या आपल्या मज्जारोगविषयक ग्रंथात त्यांनी टेबीस डॉर्सालिस या व्याधीचे वर्णन केले. उपदंशाच्या दीर्घ परिणामातून होणाऱ्या या व्याधीत मज्जारज्जूचा मागील भाग झिजतो. रोग्याला पाय जुळवून उभे करावे. डोळे उघडे असेपर्यंत तो उभा राहतो. डोळे मिटावयास सांगितले, की तो झोके खाऊ लागतो. सकाळी तोंड धुताना ओंजळीतले पाणी चेहऱ्यावर घेण्यासाठी हे रोगी डोळे मिटीत आणि नेमके तेव्हाच कोलमडत. रोम्बर्ग यांची ही परीक्षा आजही जगभरचे डॉक्टर करतात. तिला यंत्र लागत नाही आणि खर्चही लागत नाही.

येथवर निदानाचा इतिहास झाला. उपचाराचा इतिहास सुरू होतो तो स्वित्झर्लंडमधील हायडेन या डोंगराळ गावात. रेडक्रॉसचे जनक आंरी द्यूनां यांनी आयुष्याची अखेरची वर्षे याच गावात काढली. तेथे हाइन्रिख फ्रेंकेल नावाचे डॉक्टर होते. १८८० च्या दशकातील त्यांची एक हकीकत वैद्यकाच्या इतिहासात सांगितली जाते. टेबीसच्या एका रोग्याला त्यांनी डोळे मिटून बोट नाकाला लावावयास सांगितले. त्याला ते मुळीच साधले नाही. काही महिन्यांनी तोच रोगी पुन्हा आला आणि त्याने हीच परीक्षा बरीच चांगली दिली. रोगात उतार नव्हता. मग ही सुधारणा कोठून आली? रोग्याने सांगितले, की परीक्षेत आपण नापास झालो हे त्याच्या मनाला लागले होते, म्हणून तो घरी सराव करीत राहिला.

दुसरा एखादा डॉक्टर हसून पुढच्या रोग्याकडे वळला असता. फ्रेंकेल यांनी मात्र त्या उत्तरातून एक उपचारपद्धती उभी केली. नष्ट झालेले मज्जातंतू परत येत नाहीत हे त्यांना माहीत होते. पण उरलेल्या अपुऱ्या वार्तेवर काम चालविण्यास मेंदूला शिकविता येते, हे त्यांनी ताडले. त्यांचे व्यायाम बळ वाढविण्यासाठी नव्हते. रोग्याने आधी निजून, मग बसून, मग उभे राहून आणि शेवटी चालत, जमिनीवर आखलेल्या खुणांवर पाऊल नेमके टेकवावयाचे. सावकाश, मोजून आणि पुन्हा पुन्हा. १९०० साली त्यांचा या विषयावरील ग्रंथ जर्मन भाषेत निघाला आणि १९०२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर झाले. पेनिसिलिन आल्यावर टेबीस हा रोगच दुर्मिळ झाला; परंतु फ्रेंकेल यांचे व्यायाम भौतिकोपचाराच्या पाठ्यपुस्तकांत टिकून राहिले. शरीराची हरवलेली जाणीव सरावाने काही अंशी भरून काढता येते, हा या कथेतील पहिला मोठा धडा त्या नापास झालेल्या रोग्याने दिला.

या संवेदनेला आजचे नाव मिळाले ते चार्ल्स शेरिंग्टन यांच्याकडून. स्नायूंच्या आत सूत कातण्याच्या चातीसारख्या आकाराचे सूक्ष्म अवयव असतात, हे आधीच्या संशोधकांना दिसले होते. ते अवयव वार्ता पाठविणारे आहेत, हे शेरिंग्टन यांनी १८९४ साली दाखविले. १९०६ साली त्यांनी या साऱ्या यंत्रणेला 'प्रोप्रिओसेप्शन' असे लॅटिन मुळावरून घडविलेले नाव दिले. 'स्वतःचे ग्रहण' असा त्याचा अर्थ. याच वर्षी त्यांचा मज्जासंस्थेवरील विख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

मराठीत या शब्दासाठी 'स्वसंवेदन' हा प्रतिशब्द सहज सुचतो. पण ज्ञानेश्वरीच्या पहिल्याच ओवीत भेटणाऱ्या 'स्वसंवेद्य' या शब्दामुळे त्याला आत्मज्ञानाचा गंध चिकटला आहे. तो घोट्याच्या सांध्याला जड होईल. म्हणून येथे 'अंगभान' हा साधा शब्द वापरला आहे. अंधाऱ्या खोलीत आपला हात कोठे आहे, गुडघा किती वाकला आहे, पाऊल सपाट पडले की तिरके, हे न पाहता कळणे म्हणजे अंगभान. स्नायूंतील त्या चात्या स्नायूची लांबी आणि ती बदलण्याचा वेग सांगतात. कंडरांतील ग्राहक ताण सांगतात. सांध्याभोवतालचे आवरण आणि अस्थिबंध यांतील ग्राहक सांधा टोकाला गेल्याचा इशारा देतात. उभे राहताना मेंदू डोळे, आतला कान आणि अंगभान या तिघांची साक्ष काढतो आणि क्षणोक्षणी तोल सावरतो. तिघांपैकी एक साक्षीदार गेला तर उरलेले दोघे निभावून नेतात. दोन गेले तर माणूस पडतो. रोम्बर्ग यांच्या रोग्यांचे डोळे मिटल्यावर हेच होत होते.

अंगभान संपूर्ण गेले तर काय होते, याचे विसाव्या शतकातील उदाहरण इयन वॉटरमन या इंग्रज गृहस्थाचे. १९७१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका आजारानंतर त्यांची मानेखालची स्पर्शाची आणि अंगस्थितीची जाणीव गेली. स्नायू शाबूत होते, तरी त्यांना बसताही येईना. पुढे त्यांनी प्रत्येक हालचाल डोळ्यांनी पाहून आणि मनाने आखून स्वतःला पुन्हा चालावयास शिकविले. मात्र अचानक दिवे गेले, की ते जमिनीवर कोसळत. जोनाथन कोल या डॉक्टरांनी १९९१ साली त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. आपण बोलत बोलत जिना चढतो, ही केवढी चैन आहे हे ते वाचल्यावर कळते. या जाणिवेच्या मुळाशी असलेल्या पिझो नावाच्या प्रथिनांचा शोध लावल्याबद्दल आर्डेम पॅटापूटियन हे २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले. बेल यांच्या निबंधाला तोवर १९५ वर्षे झाली होती.

आता आपल्या मुरगळलेल्या घोट्याकडे येऊ. १९६५ पर्यंत अस्थिचिकित्सकांचे साधारण मत असे होते, की मुरगळताना अस्थिबंध ताणला जाऊन सैल पडतो आणि सैल सांधा पुन्हा लचकतो. लंडनचे अस्थिशल्यविशारद मायकेल फ्रीमन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह रोग्यांची तपासणी केली, तेव्हा या मताला तडा गेला. पाय दगा देतो अशी तक्रार करणाऱ्या अनेकांचा सांधा सैल नव्हताच. मात्र त्यांना दुखऱ्या पायावर एकट्याने उभे केले, की चांगल्या पायाच्या मानाने तोल ढळत असे आणि डोळे मिटल्यावर तो अधिकच ढळे. रोम्बर्ग यांची परीक्षा फ्रीमन यांनी एका पायावर आणली, असे म्हणता येईल.

त्यांचा तर्क असा होता: अस्थिबंधातील तंतू चिवट असतात, पण त्यांतून जाणारे मज्जातंतू तेवढा ताण सोसत नाहीत. मुरगळताना अस्थिबंध सांधतो, पण आतली वार्तेची तार तुटलेलीच राहते. सांधा मजबूत असतो, पण तो मुका झालेला असतो. पाऊल तिरके पडल्याची खबर उशिरा पोचते आणि स्नायू सावरेपर्यंत घोटा वळलेला असतो. उपाय म्हणून त्यांनी रोग्यांना खाली अर्धगोल ठोकळा बसविलेल्या डगमगत्या फळीवर उभे केले. आधी दोन पायांवर, मग एका पायावर. आधी डोळे उघडे ठेवून, मग मिटून. ज्यांनी हा सराव केला त्यांच्यात पाय दगा देण्याची तक्रार इतर उपचार घेतलेल्यांपेक्षा कमी आढळली. १९६७ साली फ्रीमन आणि बॅरी वाइक यांनी मांजराच्या घोट्यातील मज्जातंतूंचा बारीक अभ्यास प्रसिद्ध करून आपल्या तर्काला बळ दिले. फ्रीमन पुढे कृत्रिम गुडघ्याच्या रचनेबद्दल विख्यात झाले. पण भौतिकोपचाराच्या दालनांत त्यांची आठवण त्या साध्या फळीने ठेवली आहे.

विज्ञानाच्या इतिहासात बरेचदा घडते तसे येथेही घडले: उपाय टिकला आणि उपायामागचा तर्क डळमळला. १९७२ साली गुडविन, मॅक्लॉस्की आणि मॅथ्यूज यांनी एक विलक्षण प्रयोग केला. दंडाच्या पुढील स्नायूच्या कंडरेवर कंपन दिले, तर डोळे मिटलेल्या माणसाला आपले कोपर सरळ होत आहे असा भास होतो. वास्तविक ते हललेलेही नसते. म्हणजे अंगस्थितीची मुख्य वार्ता सांध्यातून येत नसून स्नायूंतील चात्यांकडून येते. सांध्यातील तारा तुटल्या म्हणून सारे बिघडते, हा फ्रीमन यांचा तर्क त्यामुळे अपुरा ठरला. मग वेळेचा हिशेबही पुढे आला. उडी मारून उतरताना गुडघ्यातील पुढचा अस्थिबंध तुटतो तो पाय जमिनीला लागल्यापासून सुमारे ४० सहस्रांश सेकंदांत, असे चित्रफितींच्या अभ्यासांतून दिसले. इतक्या अवधीत वार्ता वर जाऊन हुकूम खाली येणे शक्य नाही. म्हणून सराव केलेला माणूस वाचतो तो सावरण्याच्या चपळाईने नव्हे. पाय टेकण्यापूर्वीच त्याचे स्नायू योग्य मापाने आवळलेले असतात म्हणून. २००१ साली अमेरिकेतील अॅश्टन-मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर थेट प्रश्न विचारला, की व्यायामाने अंगभान खरोखर वाढते, की आहे त्या वार्तेचा उपयोग करण्याचे कौशल्य वाढते? हा वाद आजही मिटलेला नाही. पण गंमत अशी, की फ्रेंकेल यांच्या त्या रोग्याची हकीकत दुसऱ्या बाजूने कौल देते. त्याचे मज्जातंतू गेलेलेच होते. वाढले होते ते कौशल्य.

दरम्यान खेळाच्या मैदानांवर या उपायाची कसोटी लागत होती. १९८५ साली स्वीडनच्या हान्स ट्रोप यांनी फुटबॉल खेळाडूंवरील प्रयोगातून दाखविले, की ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला होता त्यांना फळीवरील सराव विशेष लाभतो. १९९६ साली इटलीतील काराफ्फा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि त्याचा मोठा गाजावाजा झाला. सहाशे फुटबॉलपटूंपैकी निम्म्यांनी रोज वीस मिनिटे फळीवर, टप्प्याटप्प्याने कठीण होत जाणारा सराव केला. तीन हंगामांत गुडघ्याच्या पुढच्या अस्थिबंधाला इजा झाली ती सराव करणाऱ्यांपैकी १० जणांना आणि न करणाऱ्यांपैकी ७० जणांना. एवढा फरक वैद्यकात क्वचित दिसतो. मात्र कोणत्या संघाने सराव करावा हे चिठ्ठ्या टाकून ठरविले नव्हते, हे उणे त्या अभ्यासात होते. चारच वर्षांनी, २००० साली, स्वीडनमधील महिला फुटबॉलपटूंच्या अभ्यासात नुसत्या फळीच्या सरावाने काहीच लाभ दिसला नाही. २००४ साली हॉलंडच्या व्हॉलीबॉलपटूंत घोटे मुरगळणे कमी झाले, तेही पूर्वी मुरगळलेल्यांतच; उलट ज्यांचे गुडघे आधी दुखावलेले होते त्यांच्यात गुडघ्याच्या अतिश्रमाच्या तक्रारी वाढल्या.

या उलटसुलट निकालांतून शहाणपण आले. नुसती फळी पुरे पडत नाही. बळ, उडी मारून मऊपणे उतरणे, धावताना दिशा बदलणे आणि तोल, या साऱ्यांची मोट बांधावी लागते. जागतिक फुटबॉल महासंघाच्या पुढाकाराने तयार झालेला 'अकरा अधिक' हा सरावपाठ त्यातून निघाला. तो सामन्यापूर्वी सुमारे वीस मिनिटांत करता येतो. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींवर त्याची परीक्षा झाली आणि २००८ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एकूण दुखापती सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळल्या.

येथवर वाचल्यावर वडोदरा, ग्वाल्हेर, इंदूर किंवा बेळगाव येथील एखादे ज्येष्ठ वाचक म्हणतील, 'यात नवे ते काय? आमच्या तालमीत हे होतेच.' या म्हणण्यात किती तथ्य आहे, ते पाहू.

तथ्य बरेच आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लांच्या व्यायामांमध्ये स्तंभश्रमाचा, म्हणजे खांबावरील कसरतीचा, उल्लेख येतो. उत्तर पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवे जीवन दिले, असे परंपरा सांगते. दुसऱ्या बाजीरावाबरोबर ही विद्या उत्तरेकडे गेली आणि मराठी वस्तीच्या गावोगावी रुजली. मल्लखांब हा केवळ बळाचा व्यायाम नव्हे. पायाच्या अंगठ्याच्या पकडीपासून मानेपर्यंत प्रत्येक सांध्याला आपण कोठे आहोत हे कळल्यावाचून त्यावर एकही अढी बसत नाही. डोके खाली आणि पाय वर असताना डोळ्यांची साक्ष फारशी उपयोगी पडत नाही. अंगभानच कामी येते. काचेच्या बाटल्यांवर ठेवलेल्या फळीवर आखूड खांब उभारून करावयाचा निराधार मल्लखांब पाहिला, तर फ्रीमन यांची डगमगती फळी त्यापुढे बाळबोध वाटेल. शिवाय हौद्यातील मऊ मातीवर अनवाणी पायाने केलेल्या बैठका आणि कुस्तीचे पवित्रे, हाही तोलाचाच अभ्यास होय.

या संदर्भात वडोदऱ्याचे स्थान वेगळे आहे. तेथील दांडियाबाजारातील जुम्मादादा व्यायाममंदिर राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी नावारूपास आणले. माणिकराव व्यायामाचे गुरू होते आणि हाडे बसविण्याच्या उपचारांबद्दलही त्यांची ख्याती होती. घडविणारा आणि दुखावलेल्याला सावरणारा हात एकच असणे, ही गोष्ट आजच्या क्रीडावैद्यकाच्या कल्पनेच्या अगदी जवळची आहे. त्याच वडोदऱ्यात द. चिं. मुजुमदारांनी १९३६ ते १९४९ या काळात 'व्यायाम ज्ञानकोश' दहा खंडांत सिद्ध केला. महाराष्ट्राबाहेरच्या एका संस्थानी नगरात मराठी माणसांनी शरीरविद्येचा एवढा संग्रह करावा, हा बृहन्महाराष्ट्राचा ठेवा आहे. मल्लखांबाची पहिली स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा १९८१ साली उज्जैनला झाली आणि २०१३ साली मध्य प्रदेशाने मल्लखांबाला राज्यक्रीडेचा मान दिला. माळव्यातील मराठी तालमींचे हे ऋण सरकारदरबारी मान्य झाले, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु येथेच थांबून एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तालमीत तोल होता, तोलाचे शास्त्र नव्हते. दोहोंतील अंतर कोणते? तालमीने टिकलेल्यांकडे पाहिले. मोडलेल्यांची मोजदाद केली नाही. खांबावर वयाच्या साठीतही सफाईने अढी घालणारे उस्ताद आपल्याला दिसतात. गुडघा गेल्यामुळे विसाव्या वर्षीच जे तालमीतून घरी बसले, त्यांची नावे कोठे लिहिलेली नाहीत. उस्तादांचे सांधे मल्लखांबाने मजबूत झाले, की ज्यांचे सांधे मुळातच मजबूत होते तेच उस्ताद होईपर्यंत टिकले, हे केवळ पाहून ठरत नाही. त्यासाठी करणारे आणि न करणारे असे दोन गट लागतात, गणती लागते, आणि निकाल आपल्या मताविरुद्ध गेला तरी तो छापण्याची तयारी लागते. स्वीडनच्या संशोधकांनी २००० साली 'लाभ दिसला नाही' असे लिहून ठेवले, यात त्या विद्येचे खरे सामर्थ्य आहे. आपल्याकडे अनुभवाची खाण होती. नोंदवहीची कमतरता होती. 'आमच्याकडे हे होतेच' असे म्हणून थांबण्यापेक्षा, आज जे मल्लखांब शिकतात त्यांच्या घोट्यागुडघ्यांच्या दुखापतींची वर्षानुवर्षे नोंद ठेवणे, ही त्या परंपरेची अधिक चांगली सेवा ठरेल. वडोदरा, इंदूर, उज्जैन येथील व्यायामशाळा हे काम एका वहीवर आणि पेन्सिलीवर सुरू करू शकतात.

या विषयाचे खरे महत्त्व तरुण खेळाडूंपेक्षाही आपल्या घरांतील ज्येष्ठांना आहे. वय वाढते तसे तिन्ही साक्षीदार थकतात: डोळ्यांत मोतीबिंदू येतो, आतला कान मंद होतो, आणि मधुमेह असेल तर तळपायाची वार्ताही अस्पष्ट होते. त्यात आपल्या जुन्या घरांचे उंच उंबरठे, अंधारे जिने आणि ओल्या न्हाण्या. रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस पडतो तो बहुधा अशक्तपणामुळे पडला असे आपण समजतो. पण पुष्कळदा दिवा न लावल्यामुळे डोळ्यांची साक्ष गेलेली असते आणि उरलेले दोघे साक्षीदार आधीच दुबळे झालेले असतात. खुब्याचे हाड मोडले, की धडधाकट माणूस परावलंबी होतो आणि घराची घडीच विस्कटते. पिढ्यान्‌पिढ्या एका वाड्यात नांदलेल्या आणि आता मुले परदेशी गेलेल्या कुटुंबांत त्याचा अर्थ काय होतो, हे वाचकांना सांगावयास नको.

दिलासा देणारी गोष्ट अशी, की या वयातही तोल शिकता येतो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन संस्थेच्या आढाव्यात १०८ प्रयोगांतील २३ हजारांहून अधिक ज्येष्ठांची माहिती एकत्र केली होती. व्यायामाने पडण्याचे प्रमाण २३ टक्क्यांनी घटते, असे त्यात आढळले. तोलाचे व्यायाम आणि बळाचे व्यायाम एकत्र केले असता ही घट सुमारे एक-तृतीयांश दिसते. योगायोग असा, की या आढाव्याच्या प्रमुख लेखिकेचे आडनावही शेरिंग्टनच आहे. २०२२ साली ब्राझीलमधील ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारे पाचांत एकाला दहा सेकंद एका पायावर उभे राहता आले नाही, आणि पुढील काही वर्षांत मृत्यूचे प्रमाण अशांमध्ये अधिक होते. याचा अर्थ एका पायावर उभे राहिल्याने आयुष्य वाढते असा नव्हे. तोल हा देहाच्या एकूण प्रकृतीचा आरसा आहे, एवढाच अर्थ त्यातून घ्यावा.

सराव मात्र साधा आहे. स्वयंपाकघरातील ओट्याला किंवा भिंतीला हात लावून एका पायावर काही सेकंद उभे राहावे, मग दुसऱ्यावर. जमू लागले, की हात सोडून पाहावा, पण ओटा हाताशीच असावा. टाच आणि अंगठा एका रेषेत ठेवून भिंतीलगत चालावे. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठावे आणि सावकाश बसावे. डोळे मिटून करावयाचा भाग कोणी शेजारी उभे असल्याशिवाय करू नये. चक्कर येत असेल, नुकतेच पडणे झाले असेल किंवा तळपायाची जाणीव गेली असेल, तर आधी डॉक्टरांचा आणि भौतिकोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. तरुणांनी घोटा मुरगळल्यावर सूज उतरताच पाय बरा झाला असे न मानता, काही आठवडे एका पायावरचा सराव करावा. कारण मुरगळण्याचा धोका पूर्वी मुरगळलेल्यांनाच सर्वांत अधिक असतो आणि सरावाचा लाभही त्यांनाच सर्वांत अधिक होतो, हे इतक्या अभ्यासांतून निघालेले सर्वांत भरवशाचे सूत्र आहे.

बेल यांनी वर्तुळ दाखविले, रोम्बर्ग यांनी ते तुटल्याची खूण दिली, शेरिंग्टन यांनी त्याला नाव दिले आणि फ्रीमन यांनी त्याला फळीवर उभे केले. पण देहाची ही विद्या शिकता येते हे प्रथम ज्याने दाखविले, त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही. तो कोणी संशोधक नव्हता. तो एका असाध्य रोगाने ग्रासलेला माणूस होता, आणि एका साध्या परीक्षेत नापास झाल्याचे त्याच्या मनाला लागले होते. तेवढ्या जिद्दीवर त्याने घरी बसून सराव केला. ज्येष्ठ वाचकांपैकी कोणी आज संध्याकाळी ओट्याला हात लावून एका पायावर उभे राहिले, तर ते त्याच अनाम माणसाचे शिष्य ठरतील.